आंतरजालावर जागा घेताना : भिवंडीच्या लघुउद्योगांसाठी एक अभ्यास

व्यापारात जागेचे मोल किती असते, हे भिवंडीला सांगावे लागत नाही. कामवारी नदीच्या काठी, खाडीच्या आसऱ्याने वसलेले हे गाव जुन्या काळी बंदर म्हणून नावाजलेले होते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीचा मुलूख स्वराज्यात आणला आणि मराठ्यांच्या आरमाराच्या उभारणीस याच खाडीकाठी चालना मिळाली. पुढे येथे हातमाग आले, त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि कापडनिर्मितीचा ओघ यंत्रमागाकडे अधिकच वळला. मुंबईला लागून, तरीही मुंबईच्या जकात हद्दीबाहेर, नाशिक महामार्गाच्या परिसरातील मानकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळ यांसारख्या गावांत गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला व मुंबईची जकात संपुष्टात आली, तरी गोदामांची वाढ थांबली नाही. कारण रस्ते, बंदर आणि महानगर यांच्या सान्निध्याचा लाभ कायमच होता.

आज याच भिवंडीतील उद्योजकांपुढे जागेचा एक निराळा प्रश्न उभा आहे. ही जागा गुंठ्यांत मोजता येत नाही, तिचा सातबारा निघत नाही. पण ती चुकीची निवडली, तर वर्षानुवर्षांचे कष्ट वाया जाऊ शकतात. ही जागा आंतरजालावरची होय. व्यवसायाची माहिती, मालाचे वर्णन आणि ग्राहकांच्या शंकांना उत्तरे देणारे लेख, म्हणजेच व्यवसायाचा ब्लॉग, कोणत्या पत्त्यावर ठेवावा म्हणजे शोध घेणाऱ्यास तो सहज सापडेल, या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

शोधात सापडण्याची गरज

भिवंडीतील अनेक लहान यंत्रमागधारक जॉब पद्धतीने काम करतात. व्यापारी सूत देतो, यंत्रमागधारक कोरे कापड विणून देतो आणि त्याला ठरलेल्या दराने मजुरी मिळते. या रचनेत विणणाऱ्याचे नाव कापडाच्या अंतिम खरेदीदारापर्यंत पोहोचतच नाही. मंदी आली, दर उतरले किंवा व्यापाऱ्याने हात आखडता घेतला, की त्याच्यापुढे दुसरे गिऱ्हाईक नसते. माल चांगला असूनही तो कोणाला ठाऊक नसणे, ही त्याची खरी अडचण आहे.

दुसरीकडे, इंदूर, कोइमतूर किंवा नागपूर येथील तयार कपड्यांचा कारखानदार विशिष्ट पन्ह्याचे, विशिष्ट सुताचे अस्तराचे कापड कोठे मिळेल, याचा शोध आता आंतरजालावर घेतो. त्याला मिळणाऱ्या पहिल्या काही उत्तरांपलीकडे तो क्वचितच जातो. अशा वेळी सुताचा नंबर, पन्हा, दर मीटरचे वजन, धुलाईनंतर कापड किती आटते, या गोष्टींची प्रामाणिक माहिती देणारा एखादा लेख विणणाऱ्यास थेट ग्राहकापर्यंत नेऊ शकतो. मध्यस्थ नाहीसा होतो असे नव्हे. परंतु त्याच्यावरचे संपूर्ण अवलंबन कमी होते. लघुउद्योजकाच्या दृष्टीने हा लाभ थोडा नाही.

शोधयंत्र काय पाहते?

भारतात आंतरजालाची सेवा सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने खुली केली. १९९८ साली गूगलची स्थापना झाली. या कंपनीच्या शोधपद्धतीमागील मूळ कल्पना सोपी होती. बाजारात एखाद्या पेढीची पत इतर पेढ्या तिच्याविषयी काय बोलतात यावरून ठरते. त्याचप्रमाणे एखाद्या पानाचे महत्त्व इतर किती आणि कोणती पाने त्याकडे बोट दाखवितात, म्हणजे त्याचा दुवा देतात, यावरून ठरवावे. पुढे या एका कसोटीत अनेक कसोट्यांची भर पडली. मजकूर विचारलेल्या प्रश्नाशी किती जुळतो, तो किती उपयुक्त आहे, पान किती लवकर उघडते, भ्रमणध्वनीवर ते नीट वाचता येते काय, जोडणी सुरक्षित आहे काय, याही गोष्टी पाहिल्या जाऊ लागल्या. सुरक्षित जोडणीचा विचार २०१४ पासून, तर भ्रमणध्वनीवरील सोयीचा विचार २०१५ पासून गूगलने जाहीरपणे सुरू केला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नैसर्गिक शोधफळांत वरचे स्थान पैसे देऊन मिळत नाही. पैसे देऊन मिळते ती जाहिरातीची जागा, आणि तिच्यावर तसा उल्लेख असतो. म्हणून ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ देणाऱ्या दलालापासून उद्योजकाने सावध राहावे. विकतचे दुवे गोळा करणे हेही नियमबाह्य मानले जाते आणि त्याची परिणती शोधातून घसरण्यात होऊ शकते.

तीन प्रकारच्या जागा

व्यवसायाचे लेख ठेवण्यासाठी स्थूलमानाने तीन मार्ग उपलब्ध आहेत.

पहिला मार्ग म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या मंचावर फुकट मिळणारी जागा. ब्लॉगर ही सेवा १९९९ साली सुरू झाली व २००३ साली गूगलने ती विकत घेतली. वर्डप्रेस डॉट कॉम ही सेवा २००५ पासून उपलब्ध आहे. तेथे काही मिनिटांत लेखन सुरू करता येते. खर्च नसतो, तांत्रिक देखभालही मंचच करतो. मात्र पत्त्यात व्यवसायाच्या नावापुढे मंचाचे नाव जोडलेले राहते.

दुसरा मार्ग म्हणजे स्वतःचे नाव नोंदवून त्याच्या उपनावावर लेख ठेवणे. समजा, व्यवसायाचे नोंदलेले नाव ‘अमुक डॉट इन’ आहे; तर लेख ‘ब्लॉग डॉट अमुक डॉट इन’ या पत्त्यावर ठेवले जातात.

तिसरा मार्ग म्हणजे त्याच नावाखाली, मुख्य संकेतस्थळाच्याच एका दालनात लेख ठेवणे. या पद्धतीत पत्ता ‘अमुक डॉट इन’ असा सुरू होतो आणि तिरप्या रेघेनंतर ‘ब्लॉग’ असे दालनाचे नाव येते.

हे तिन्ही मार्ग भिवंडीच्या भाषेत सांगावयाचे तर, पहिला मार्ग म्हणजे दुसऱ्याच्या गाळ्यात एक फळी मागून माल मांडणे. दुसरा म्हणजे आपल्याच आवारात, पण वेगळ्या दारानिशी खोली बांधणे. आणि तिसरा म्हणजे आपल्या दुकानातच एक कपाट लावणे.

कोणता मार्ग श्रेयस्कर?

मोठ्या मंचावर लिहिल्यास त्या मंचाच्या लौकिकाचा लाभ आपल्याला मिळेल, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. अशा मंचावरील प्रत्येक लेखकाचा पत्ता शोधयंत्र साधारणतः स्वतंत्र स्थळ म्हणूनच पाहते. त्यामुळे नवोदिताला तेथेही शून्यापासूनच आरंभ करावा लागतो. आणि पुढे जी पत निर्माण होते, ती अशा पत्त्यावर जमा होते की जो त्याच्या मालकीचा नाही. नावाजलेल्या परक्या संकेतस्थळावर केवळ त्याच्या लौकिकाचा फायदा उठविण्यासाठी लेख टाकणे, हा प्रकार तर गूगलने २०२४ साली आपल्या नियमांनी निषिद्ध ठरविला आहे.

उपनाव आणि दालन या दोहोंपैकी काय निवडावे, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. गूगलच्या प्रतिनिधींनी दोन्ही पद्धती चालतात असे वेळोवेळी सांगितले आहे. असे असले तरी, लहान उद्योजकाने दालनाचा मार्ग स्वीकारणे व्यवहार्य ठरते. त्याची कारणे साधी आहेत. एकच स्थळ सांभाळावे लागते, एकच सुरक्षा-प्रमाणपत्र लागते, लेख वाचणारा मनुष्य एका पावलात मालाच्या पानावर जातो आणि लेखाला मिळालेल्या दुव्यांचा लाभ संपूर्ण स्थळास होण्याची शक्यता अधिक असते. ज्या संस्थेचा ब्लॉग मुख्य स्थळाहून अगदी निराळा आहे, किंवा ज्यांची मूळ यंत्रणा त्याला सामावून घेऊ शकत नाही, त्यांनी उपनाव वापरावे. यात कमीपणा काहीच नाही. नाव स्वतःचे असणे ही मुख्य गोष्ट होय. दार कोणत्या दिशेला आहे, ही दुय्यम.

फुकट जागेची किंमत

परक्याच्या जागेत राहण्याचा खरा धोका शोधातील क्रमाचा नसून अस्तित्वाचा आहे. जिओसिटीज हा फुकट संकेतस्थळांचा एके काळचा प्रख्यात मंच १९९९ साली याहू कंपनीने घेतला आणि २००९ साली बंद केला. जपानमधील शाखेचा अपवाद वगळता तेथील असंख्य पाने त्यांच्या पत्त्यांसह नाहीशी झाली.

याहून जवळचे उदाहरण २०२४ सालचे आहे. गूगलच्या नकाशावर आपल्या दुकानाची नोंद करणाऱ्या व्यावसायिकांना ती कंपनी एक साधे संकेतस्थळ विनामूल्य देत असे. मार्च २०२४ मध्ये ही सेवा बंद करण्यात आली. त्या पत्त्यांवर येणाऱ्या ग्राहकांना काही काळ नकाशावरील नोंदीकडे वळविण्यात आले. १० जून २०२४ नंतर तीही सोय राहिली नाही. ज्यांनी आपल्या पावत्यांवर, फलकांवर आणि कापडाच्या गठ्ठ्यांवर तोच पत्ता छापला होता, त्यांचा पत्ता निरुपयोगी झाला. यात कोणी करार मोडला असे नाही. फुकट दिलेली जागा काढून घेण्याचा अधिकार मालकाला असतोच. दोष असेल तर तो तीच आपली कायमची जागा समजण्याचा होय.

याचा अर्थ असे मंच वापरूच नयेत, असा नव्हे. नकाशावरील नोंद तर प्रत्येक दुकानदाराने व कारखानदाराने अवश्य करावी. जवळपासच्या शोधात गूगल तीन गोष्टी पाहते: नोंद प्रश्नाशी किती जुळते, अंतर किती आहे आणि व्यवसायाचा लौकिक किती आहे. धामणकर नाक्यावरील दुकानदारास पद्मानगरमधील ग्राहक या नोंदीमुळेच मिळू शकतो. समाजमाध्यमांवरही अवश्य लिहावे. तथापि व्हॉट्सॲपच्या गटात पाठविलेली माहिती गटाबाहेरच्या शोधकर्त्यास सापडत नाही, हे ध्यानात ठेवावे. मूळ लेख आपल्या पत्त्यावर ठेवावा आणि त्याचा दुवा इतरत्र द्यावा, हा क्रम उत्तम.

नाव कोणाचे, कोणाच्या नावे?

देशाच्या नावाचा शेवट असलेला ‘डॉट इन’ हा पत्ता भारतीय राष्ट्रीय आंतरजाल विनिमय संस्थेच्या, म्हणजे निक्सीच्या, अखत्यारीत येतो. २००५ पासून त्याची नोंदणी सर्वांना खुली झाली. २०१४ पासून ‘डॉट भारत’ हा देवनागरी शेवटही उपलब्ध झाला असून त्यात मराठीचा समावेश आहे. मुख्य ग्राहक देशातील असतील, तर ‘डॉट इन’ हा शेवट शोधयंत्रास तशी सूचना देतो. निर्यातीवर भर असेल, तर ‘डॉट कॉम’सारखा देशनिरपेक्ष शेवट सोयीचा पडतो.

नाव निवडण्याइतकेच ते कोणाच्या नावे नोंदले जाते, हे महत्त्वाचे आहे. संकेतस्थळ तयार करून देणारा कारागीर पुष्कळदा सोयीसाठी स्वतःच्याच खात्यात, स्वतःच्या ई-पत्त्यावर नोंदणी करतो. पुढे व्यवहार बिनसला किंवा त्याने व्यवसाय सोडला, की उद्योजकाचे नाव दुसऱ्याच्या ताब्यात अडकून पडते. जमिनीच्या व्यवहारात खरेदीखत कोणाच्या नावे आहे, हे पाहिल्याशिवाय कोणी पैसे मोजत नाही. तीच दक्षता येथे घेतली पाहिजे. नोंदणी मालकाच्या किंवा संस्थेच्या नावे असावी, परवलीचे शब्द त्याच्यापाशी असावेत आणि नूतनीकरणाची तारीख हिशेबाच्या वहीत लिहिलेली असावी. नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी करता येते. मुदत टळल्यावर ठरावीक सवलतीचा काळ गेला, की ते नाव कोणीही घेऊ शकतो.

साठवणूक कोठे असावी?

नाव हा पत्ता झाला; लेख प्रत्यक्षात ज्या संगणकावर साठवले जातात, ती जागा वेगळी. तो संगणक परदेशी असल्यास क्रम घसरतो काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. संगणकाचे स्थान ही शोधयंत्राच्या दृष्टीने निर्णायक खूण नव्हे. परंतु अंतराचा परिणाम वेगावर होतो आणि वेगाचा परिणाम वाचकावर होतो.

याचे गणित सोपे आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून अमेरिकेचा पूर्व किनारा सुमारे १२,५०० किलोमीटर दूर आहे. म्हणजे एका जाण्यायेण्यास किमान एक अष्टमांश सेकंद लागणारच. समुद्रतळाच्या तारा सरळ रेषेत नसल्याने प्रत्यक्षात वेळ याहून अधिक लागतो. पान उघडण्यापूर्वी जोडणी, सुरक्षेची खातरजमा आणि मागणी अशा अनेक फेऱ्या होतात. त्यामुळे विलंब वाढत जातो. ॲमेझॉनने २०१६ साली व गूगलने २०१७ साली मुंबई परिसरात आपली साठवणूक केंद्रे उपलब्ध करून दिली. अन्य सेवाही देशात मिळतात. भारतीय ग्राहकांसाठी लिहिणाऱ्याने देशांतर्गत साठवणूक किंवा ठिकठिकाणी प्रती ठेवणारी वितरण सेवा निवडावी. मात्र पाच मेगाबाइटची छायाचित्रे जशीच्या तशी चढवून कोणतेही केंद्र निवडले, तरी पान रेंगाळणारच. छायाचित्रे आकाराने लहान करणे हा वेग वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

लिपी आणि मजकूर

जागा कितीही चांगली असली, तरी दुकान रिकामे असेल तर ग्राहक थांबत नाही. मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष सांभाळावी. मजकूर युनिकोड पद्धतीनेच टंकित केलेला असावा. या प्रणालीत देवनागरीचा अंतर्भाव १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे. जुन्या, केवळ छपाईसाठी बनविलेल्या टंकातील मजकूर पडद्यावर मराठी दिसतो. शोधयंत्रास मात्र तो निरर्थक अक्षरांची मालिका वाटतो. दरपत्रकाचे छायाचित्र चढविण्याऐवजी दर अक्षरांत लिहावेत, हेही त्याच कारणासाठी.

लेखांचे विषय ग्राहकाच्या प्रश्नांतून निवडावेत. कापड आटते किती, रंग टिकतो काय, किमान किती मीटरची मागणी स्वीकारली जाते, माल किती दिवसांत पोहोचतो, या प्रश्नांची उत्तरे विणणाराच देऊ शकतो. इतरांचा मजकूर उतरवून पाने भरण्यात लाभ नाही. २०२४ पासून भारतातही काही प्रश्नांना गूगल कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर सर्वांत वर दाखवू लागले आहे. सर्वत्र आढळणारी माहिती त्या उत्तरातच संपते. प्रत्यक्ष अनुभवातून आलेल्या माहितीसाठी मात्र वाचक मूळ पानाकडे वळण्याची शक्यता राहते.

जागा बदलताना

ज्यांनी पूर्वीच फुकट मंचावर लेखन केले आहे, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. प्रथम सर्व लेखांची प्रत काढून ठेवावी. नवीन पत्त्यावर ते लेख त्याच क्रमाने मांडावेत. जुन्या प्रत्येक पानावरून नव्या त्याच पानाकडे कायमचे वळण लावावे. सर्व पाने सरसकट मुखपृष्ठाकडे वळवू नयेत. हे वळण किमान वर्षभर, शक्य तर त्याहून अधिक काळ ठेवावे, अशी गूगलची शिफारस आहे. टपालखात्यास नवा पत्ता कळविला म्हणजे जुन्या पत्त्यावरची पत्रे नव्या घरी येतात, तसाच हा प्रकार आहे. ज्या मंचावर असे वळण लावण्याची सोय नाही, तेथे जुन्या लेखांच्या आरंभी नव्या पत्त्याची स्पष्ट सूचना द्यावी. बदलानंतर काही आठवडे क्रमात चढउतार होतात. तेवढ्याने घाबरून पुन्हा पत्ता बदलू नये.

सार्वजनिक संस्थांची भूमिका

हा विषय केवळ व्यापाऱ्यांचा नाही. ग्रामपंचायती, शाळा आणि बचत गट यांनाही तो लागू पडतो. शासकीय संस्थांसाठी ‘डॉट गव्ह डॉट इन’ हा राखीव शेवट असून त्याची नोंदणी राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्रामार्फत होते. शिक्षणसंस्थांसाठीचे राखीव शेवट अर्नेट इंडिया या संस्थेकडून मिळतात. एखाद्या ग्रामपंचायतीची माहिती सरपंचाच्या किंवा ग्रामसेवकाच्या खासगी खात्यावर असेल, तर पदाधिकारी बदलताच ती गावाच्या हातून जाते. दप्तर कार्यालयात राहते, त्याप्रमाणे पत्ता आणि परवलीचे शब्दही कार्यालयाकडेच राहिले पाहिजेत.

शिक्षकांनाही येथे मोठे कार्य करता येईल. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी आपल्या घरच्या अथवा शेजारच्या व्यवसायाची माहिती युनिकोड मराठीत शुद्ध लिहावी, असा उपक्रम शाळेने घेतल्यास भाषा, हिशेब आणि तंत्र यांचे शिक्षण एकाच वेळी घडेल. बचत गटांच्या बैठकीत नावाची नोंदणी कोणाच्या नावे आहे, एवढा एक प्रश्न जरी विचारला गेला, तरी पुढचे अनेक तंटे टळतील.

भिवंडीच्या विणकराने ताणा नीट लावल्याशिवाय कधी धोटा फेकला नाही. कारण ताणा चुकला, तर पुढची सारी वीण चुकते, हे त्याला ठाऊक होते. आंतरजालावरील लेखनातही स्वतःच्या नावाचा पत्ता हा ताणा होय. तो आधी पक्का करावा. मग दर आठवड्याला एक प्रामाणिक लेख असा बाणा भरत गेले, तर आज निनावी राहिलेले कापड उद्या विणणाऱ्याच्या नावाने ओळखले जाणे अशक्य नाही.